चार गाड्या, बाकी दोन

वाचकाचं पत्र

"तासगाव तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत मी शिक्षिका आहे. शाळा द्विशिक्षकी. तिसरी आणि चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. चौथीला दोन आठवडे भागाकार शिकवला. तास संपताना 'समजलं का?' विचारलं की सगळी 'होऽऽ बाई' म्हणायची. वह्याही बरोबर. मग केंद्रप्रमुख साहेब आले. त्यांनी तोंडी विचारलं, 'सागरेश्वरला सहल न्यायचीय, मुलं २६, वडापच्या एका गाडीत ६ बसतात, गाड्या किती सांगायच्या?' अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, 'चार, बाकी दोन!' साहेब हसले, मला रडू यायचं तेवढं राहिलं. पुढच्या चाचणीत ६१२ ÷ ६ चं उत्तर निम्म्या मुलांनी १२ लिहिलं. सहकारी गुरुजी म्हणतात, रोज वीस उदाहरणं घाला, हात बसेल. मी पाठ पहिल्यापासून घेऊ की सराव वाढवू? आणि मुळात चाचणीची वाट न बघता, पाठ झाल्या झाल्या कुणाला कळलं नि कुणाला नाही, हे ओळखायचं कसं?"

– एक शिक्षिका, जि. सांगली

उत्तर

बाई,

आधी गुरुजींच्या सल्ल्याचं बघू, कारण तो उद्याच अमलात यायची शक्यता आहे. वीस उदाहरणं घालू नका. ६१२ ÷ ६ = १२ लिहिणाऱ्या मुलाला तसलीच आणखी वीस दिली, तर तो तीच चूक वीसदा गिरवणार. हात बसतो हे खरं, पण तो चुकीच्या रीतीवरही तितकाच घट्ट बसतो. पाठही पहिल्यापासून नको. येणारी मुलं कंटाळतील, आणि न येणारी दुसऱ्या खेपेलाही त्याच जागी अडतील, कारण ती कुठं अडतात हे अजून आपल्याला माहीतच नाही.

आता सहलीच्या गाड्या. तुमच्या मुलांनी २६ मध्ये ६ चार वेळा जातात नि २ उरतात हे तोंडी, परक्या साहेबांसमोर, न चुकता सांगितलं. हिशेब त्यांना येतो. हिशेब झाल्यावर परत गाडीपाशी यायचं राहिलं, एवढंच. आणि हे काही तुमच्या वस्तीवरचंच दुखणं नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांच्या मुलांच्या देशव्यापी चाचणीत जवळपास हाच प्रश्न होता: सैनिक ११२८, एका बसमध्ये ३६, तर बस किती लागतील? साधारण ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण ३२ बस हे उत्तर दिलं फक्त २३ टक्क्यांनी. २९ टक्के मुलांनी '३१, बाकी १२' लिहिलं आणि १८ टक्क्यांनी नुसतं ३१. म्हणजे बारा सैनिक रस्त्यावरच. ती मुलं तुमच्या पोरांपेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी होती. तेव्हा साहेब हसले तर हसू द्या.

'समजलं का?' हा प्रश्न मात्र आजपासून बंद करा. त्याला 'हो' म्हणणं ही मुलांची रीतभात असते. बाई दमल्यात, घंटा व्हायला आलीय, नाही कोण म्हणणार? त्याऐवजी पाट्या काढायला लावा. तुमच्याकडं पाट्या असतीलच, आणि तपासायला त्याच्याइतकं सोयीचं साधन नाही. प्रश्न विचारायचा, प्रत्येकानं उत्तर लिहून पाटी छातीशी धरायची, आणि 'दाखवा' म्हटलं की सगळ्या एकदम वर. एका नजरेत अख्खी चौथी दिसते. कोण शेजारच्याकडं बघून लिहितो तेही दिसतं, पण त्याला रागावू नका, नुसतं लक्षात ठेवा.

पाटीवर उत्तर दिसतं, विचार दिसत नाही. त्यासाठी आठवड्यातनं दोनदा सुट्टीआधी एक चिठ्ठी घ्या. पाठकोऱ्या कागदाचे चार तुकडे केले की चार मुलांचं भागतं. चिठ्ठीवर प्रश्न दोन, फार तर तीन. दहा मिनिटांत आटपलं पाहिजे, नाहीतर तिची परीक्षा होते. नाव लिहायचं, गुण द्यायचे नाहीत. गुण आले की मुलं खाडाखोड लपवतात, आणि आपल्याला तर नेमकी खाडाखोडच बघायची असते.

प्रश्न कोणते, यावरच सगळं अवलंबून आहे. पुस्तकातल्या पाचव्या उदाहरणासारखं सहावं विचारलंत तर वहीत जे दिसलं तेच पुन्हा दिसेल. मी चिठ्ठीवर काय विचारेन ते सांगतो.

एक दिवस नुसतं १८ ÷ ३ द्या आणि म्हणा, उत्तर नको, गोष्ट लिहा किंवा चित्र काढा. कुणी लिहील, '१८ पेरू ३ मुलींना सारखे वाटले.' कुणी लिहील, '१८ पेरू, एका पिशवीत ३, पिशव्या किती?' दोन्ही बरोबर. पण पहिलीत सहा म्हणजे पेरू आणि दुसरीत सहा म्हणजे पिशव्या. आपण वर्गात बहुतेक वेळा वाटणीचीच उदाहरणं देतो, त्यामुळं गट पाडणं हाही भागाकारच, हे बऱ्याच मुलांच्या मनात नसतं. सगळ्याच चिठ्ठ्यांत वाटणीच्या गोष्टी आल्या, तर दुसऱ्या दिवशी काय घ्यायचं ते तुम्हाला आपोआप कळलं. आणि दोन-चार चिठ्ठ्या अशा निघतील: '१८ पेरूंना ३ ने भागले तर किती येतील?' वाचायला गोष्ट वाटते, पण त्यात ना मुली आहेत ना पिशव्या. उदाहरणालाच शब्दांचे कपडे घातलेत. अशी चिठ्ठी बाजूला काढा. त्या मुलाची वही कदाचित वर्गात सगळ्यात सुबक असेल, तरीही.

दुसरी गंमत. भागाकाराचा पाठ चालू असतो तेव्हा मुलांना हे पक्कं माहीत असतं की समोर येईल ते भागायचं. मोठी संख्या आत, लहान बाहेर. वाचायची गरजच नाही. म्हणून चिठ्ठीत एक परकं उदाहरण घुसवा: 'द्राक्षाच्या एका पेटीत ४ किलो माल. १२ पेट्यांत किती?' तुमच्याकडची पोरं पेट्या भरताना बघत मोठी झालीत. तरीही काही जण १२ ÷ ४ = ३ लिहितील. बारा पेट्यांत तीन किलो द्राक्षं! हे लिहिणाऱ्याला भागाकार येतो, पण भागाकार कधी करायचा हे येत नाही, आणि पुस्तकातला प्रकरणापुरता स्वाध्याय हे कधीच उघड करत नाही.

तिसरा प्रश्न माझा आवडता. फळ्यावर एक सोडवलेलं उदाहरण लिहा आणि सांगा, हे दुसऱ्या शाळेतल्या गोट्यानं केलंय: ४७ ÷ ५, भागाकार ८, बाकी ७. गोट्याचं बरोबर की चूक, आणि का? आता गंमत बघा. तुम्ही पडताळा शिकवला असणार: भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. वर्गातली हुशार मुलं तो लगेच करतील. पाच आठे चाळीस, चाळीस नि सात सत्तेचाळीस. 'बरोबर आहे बाई!' पडताळा जुळतो, तरी उत्तर चूक. कारण बाकी भाजकापेक्षा मोठी राहिली. सातात अजून एकदा पाच जातात, म्हणून भागाकार ९, बाकी २.

इथं 'बाकी भाजकापेक्षा लहान असते' हा नियम फळ्यावर लिहून मोकळं होऊ नका. तो त्यांनी ऐकलेला आहे. विचारा, ४७ लाडू पाच जणांत वाटतोय, प्रत्येकाला आठ दिले, डब्यात सात उरले, मग थांबायचं? 'अजून एकेक येतोय की बाई!' असं एखादा ओरडेलच. ते त्याच्या तोंडून आलं की नियम पाठ करायची गरज उरत नाही. चूक गोट्याची असल्यामुळं कुणाला लाजही वाटत नाही. मात्र गोट्या कायम चुकत नाही, अधूनमधून त्याला बरोबरही येऊ द्या, नाहीतर मुलं न बघताच 'चूक' लिहायला लागतात.

आता ६१२ ÷ ६. या चुकीवर तुम्ही लाल पेनानं मधे शून्य लिहून दिलं असेल, आपण सगळेच देतो. त्यानं फरक पडत नाही. बारा लिहिणाऱ्या एकाला जवळ बोलवा आणि म्हणा, मोठ्यानं बोलत कर. असं ऐकू येईल: 'सहा एके सहा. खाली एक घेतला. एकात सहा जात नाहीत, म्हणून पुढचा दोन घेतला. बारा झाले. सहा दुणे बारा. संपलं.' बघा, पाढा बरोबर, क्रम बरोबर, वजाबाकी बरोबर. बोलताना त्याच्या तोंडी सहा आहे, सहाशे कुठंच नाही. दशक कुणालाच मिळाला नाही, ही गोष्ट नोंदवायची असते हे त्याला कळायला काही वावच नाही, कारण तो सुटे सुटे अंक भागतोय.

त्याला खेळातल्या नोटा द्या. शंभराच्या सहा, दहाची एक, रुपयाची दोन नाणी. सहा मुलं समोर बसवा. शंभराची एकेक नोट सगळ्यांना मिळाली. दहाची एकच आहे, सहा जणांना कशी देणार? सुट्टे करायला लागतात. दहा सुट्टे नि आधीचे दोन, बारा. प्रत्येकाला दोन-दोन. आता एकाला हातातले पैसे मोजायला लावा. एकशे दोन. तिथून वहीत यायचं, आणि दहाच्या नोटेपाशी विचारायचं, 'दहाची नोट कुणाच्या हातात आली?' कुणाच्याच नाही. ते कुणालाच नाही म्हणजे मधलं शून्य. एकदा असं झालं की पुढं ८२४ ÷ ८ द्या, पण पाटीवर आधी एवढंच लिहून घ्या: उत्तर शंभरापेक्षा मोठं येईल की लहान? आठशे आठ जणांत वाटले तर प्रत्येकी शंभर, हे ज्याला आधी दिसलं तो नंतर १३ लिहूच शकत नाही. लिहिलं तरी स्वतःच खोडतो. हा अंदाजाचा प्रश्न भागाकार मांडायच्या आधी रोज विचारा. अर्धा मिनिट लागतो.

बाकीवर परत येऊ, कारण साहेबांचा प्रश्न तिथला होता. एकाच भागाकाराच्या तीन गोष्टी एका चिठ्ठीवर द्या. २९ ÷ ४ घ्या. एका बाकावर ४ मुलं बसतात, २९ मुलांना किती बाक लागतील? एक पेन्सिल ४ रुपयांची, २९ रुपयांत किती येतील? २९ किलो बेदाणा चार भावांत सारखा वाटायचा, प्रत्येकाला किती? तिन्ही ठिकाणी ७ बाकी १. पण बाक आठ, पेन्सिली सात, आणि बेदाणा सव्वासात किलो. तासगावच्या पोरांना बेदाण्याचं शेवटचं उत्तर तोंडी यायला वेळ लागणार नाही, सव्वा-दीड-अडीच घरात रोज कानावर पडतं. हीच मुलं कागदावर '७ बाकी १' लिहून थांबतील. त्यांना उत्तराची अख्खी ओळ लिहायची सवय लावा. नुसतं 'उत्तर: ७' नको, '८ बाक लागतील, शेवटच्या बाकावर एकच मुलगा बसेल' असं हवं. वाक्य लिहिताना तो एकटा बसलेला मुलगा डोळ्यांसमोर येतो, आणि गाड्यांच्या प्रश्नाला 'चार बाकी दोन' म्हणायची सोय राहत नाही.

पाढ्यांचं काय, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण त्याशिवाय निदान पुरं होत नाही. ९१ ÷ ७ न जमणाऱ्या मुलाला भागाकार येत नाही की सातचा पाढा येत नाही? कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. सातचा पाढा लिहून त्याच्यासमोर ठेवा आणि पुन्हा करायला सांगा. आता जमलं, तर भागाकार नीट आहे, पाढ्याचं वेगळं बघू. पाढा समोर असूनही गाडी हलली नाही, तर नोटा आणि चिंचोके काढायला लागतील. दोन मिनिटांची ही चाचणी तुमचे पुष्कळ तास वाचवेल. ज्याचा पाढा कच्चा त्याला गुरुजींचा सराव जरूर द्या, तिथं तो उपयोगी पडतो.

याच्या उलट एखादा असतो. आठवडी बाजारात आईबरोबर बसणारा. पन्नास रुपयांत सहा रुपयांच्या किती जुड्या, हे तो पापणी न हलवता सांगतो: आठ, आणि दोन रुपये परत. वहीत ५० ÷ ६ दिलं की गप्प. त्याच्या नावापुढं 'भागाकार येत नाही' असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्याला येत नाही ती मांडणी. त्याच्याशी आधी बोला, तो बोलेल ते तुम्ही फळ्यावर उभ्या मांडणीत लिहीत जा, आणि मग खडू त्याच्या हातात द्या.

दोन वर्ग सांभाळून हे कसं करायचं, ही तुमची खरी अडचण मला दिसतेय. चिठ्ठ्या घरी तपासायला नेऊ नका. शाळा सुटल्यावर टेबलावर तीन ढीग करा: जमलंय, थोडक्यात अडलंय, मुळात अडलंय. चौथीच्या चिठ्ठ्यांना पंधरा मिनिटं पुरेत, कारण तुम्ही बरोबर-चूक मोजत नाही आहात, नुसतं कुठं अडलं ते बघताय. दुसऱ्या दिवशी पहिल्या ढिगातल्यांना गोट्यासाठी चुकीची उदाहरणं तयार करायला बसवा. मुद्दाम पटण्याजोगी चूक करायची तर भागाकार चांगलाच यावा लागतो, आणि मुलं त्यात रमतात. मधल्यांना एकच सूचना नि दोन उदाहरणं. तिसऱ्या ढिगातली तीन-चार मुलं तुमच्या जवळ, नोटा घेऊन. तेवढा वेळ तिसरीला चित्रं-मोजणीचं काहीतरी द्या. सगळ्या मुलांशी रोज बोलणं होणार नाही, होऊही नये. पोषण आहाराच्या रांगेत ताटं मोजून भागाकार विचारायचा मोह मात्र आवरा. तेव्हा पोरांना जेवू द्या.

नोंदींचं एक सांगतो. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदवहीत 'भागाकाराची उदाहरणे सोडवतो' हे वाक्य आपण इतक्या नावांपुढं लिहितो की शेवटी ते कुणाबद्दलच काही सांगत नाही. चिठ्ठीवरून लिहा: 'बाकी भाजकापेक्षा मोठी ठेवतो', 'मधलं शून्य सुटतं', 'तोंडी येतं, मांडणी येत नाही'. साहेब पुन्हा आले तर हीच वही पुढं करा. वर्णनात्मक नोंदी म्हणतात त्या याच.

आणि मन फार खट्टू करून घेऊ नका. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत गावोगावच्या मुलांना एकेकट्याला बसवून तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला सांगतात. २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ते साधारण ३१ टक्क्यांना जमलं होतं. तुमची चौथी आहे, आणि निम्म्यांना मधलं शून्य असलेलं उदाहरण आलेलं आहे. सुरुवात वाईट नाही.

राहिली तिसरी. त्यांच्या कानावर चौथीचा भागाकार दिवसभर पडतोय, त्यामुळं एखादा आगाऊ पोरगा उभी मांडणी काढून दाखवेल आणि तुम्हाला कौतुक वाटेल. करा कौतुक, पण मांडणी अजून शिकवू नका. त्यांना मूठभर चिंचोके द्या, तीन-तीनचे ढीग करायला लावा, मग तेच चिंचोके तिघांत वाटायला लावा, आणि दोन्ही वेळा काय झालं ते त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू द्या. कधी चिंचोके मुद्दाम असे द्या की एखाद-दुसरा उरेल, आणि त्याचं काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या.